इलेक्ट्रिक पिकअप ट्रक पेट्रोलच्या ट्रकची जागा घेऊ शकतो का? ट्रेलर जोडला की गणित का बिघडतं?

१८ मे २०२१. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नमध्ये फोर्डच्या चाचणी ट्रॅकवर एक नमुना ट्रक सुसाट धावला. स्टिअरिंगवर होते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडन. दुसऱ्याच दिवशी फोर्डनं तो ट्रक जगासमोर आणला. नाव होतं 'एफ-१५० लाइटनिंग'. अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या पिकअप ट्रकची ही विजेवर चालणारी आवृत्ती होती आणि तिची सुरुवातीची किंमत ४० हजार डॉलरच्या किंचित आत ठेवली होती. वर्ष संपेपर्यंत जवळपास दोन लाख लोकांनी नाव नोंदवलं. शेवटी कंपनीलाच नोंदणी थांबवावी लागली.

डिसेंबर २०२५ मध्ये याच फोर्डनं पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या लाइटनिंगचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढची लाइटनिंग येणार आहे, पण तिच्यात पेट्रोलवर चालणारा जनरेटर असेल. त्याआधी सप्टेंबरमध्ये स्टेलांटिस कंपनीनं 'रॅम १५००' चा पूर्ण इलेक्ट्रिक ट्रक बाजारात येण्याआधीच रद्द केला होता.

मग या ट्रकमध्ये खोट होती का? तसं म्हणणं अवघड आहे. अमेरिकेतल्या 'मोटरट्रेंड' या नामांकित वाहन मासिकानं २०२२ साठी 'रिव्हियन आर१टी' आणि २०२३ साठी लाइटनिंग अशी सलग दोन वर्षं इलेक्ट्रिक पिकअपचीच 'ट्रक ऑफ द इयर' म्हणून निवड केली होती. गाडी चांगली, बक्षिसंही मिळाली, तरी ती चालली नाही. याचं उत्तर बऱ्याच अंशी ट्रकच्या मागच्या बाजूला, ट्रेलर अडकवायच्या हुकात सापडतं.

अमेरिकेतला पिकअप म्हणजे नेमका कोणता?

महाराष्ट्रात पिकअप म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बाजार समितीकडे भाजीचे क्रेट घेऊन निघालेली बोलेरो, नाहीतर गल्लीबोळात शिरणारा 'छोटा हत्ती'. ती धंद्याची गाडी असते. मालक तिच्यातून सहकुटुंब लग्नाला जाईल, पण ती घेतली जाते माल वाहण्यासाठीच.

अमेरिकेतला पिकअप वेगळा. पुढे पाच-सहा जणांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा. सुतार, प्लंबर, शेतकरी यांच्याकडे तो असतोच, पण बँकेत नोकरी करणाऱ्याच्या दारातही असतो. मुलांना शाळेत सोडायचं, आठवड्याचा किराणा आणायचा आणि सुट्टीत मागे बोट किंवा कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, जोडून तलावाकाठी जायचं, ही सगळी कामं एकाच गाडीनं होतात.

या बाजाराचा आकार केवढा? २०२४ मध्ये फोर्डनं अमेरिकेत एफ-सीरिजचे ७ लाख ३२ हजारांहून अधिक ट्रक विकले. त्यात लाइटनिंग होत्या साधारण साडेतेहतीस हजार. म्हणजे शंभरात चार-पाच.

१५ लिटर पेट्रोलएवढी बॅटरी

इलेक्ट्रिक आणि पेट्रोल ट्रकची तुलना करताना एक हिशेब समजून घेतला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीची क्षमता १३१ किलोवॅट-अवर आहे. एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. म्हणजे पूर्ण चार्ज केलेल्या लाइटनिंगमध्ये १३१ युनिट वीज मावते. आता पेट्रोल. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. पेट्रोलवरच्या एफ-१५० ला ३६ गॅलनची, म्हणजे १३६ लिटरची टाकी मिळू शकते. ती भरली की गाडीत १,२०० युनिटहून जास्त ऊर्जा असते. बॅटरीच्या नऊपट!

उलट बाजूनं बघितलं तर लाइटनिंगची ती अवाढव्य, महागडी बॅटरी म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात जेमतेम १५ लिटर पेट्रोल.

पण एवढ्या ऊर्जेवर लाइटनिंग सरकारी चाचणीनुसार ५१५ किलोमीटर जाते. पेट्रोलचा ट्रक १५ लिटरमध्ये सव्वाशे किलोमीटरच्या आसपास थांबेल. कारण पेट्रोल इंजिन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपात वाया घालवतं, चाकांपर्यंत साधारण पाव हिस्सा पोहोचतो. इलेक्ट्रिक मोटर मात्र वीज फारशी वाया जाऊ देत नाही, शिवाय ब्रेक लावताना थोडी परतही मिळवते.

थोडक्यात, एकाकडे भरपूर शिल्लक आहे आणि तो उधळ्या आहे. दुसऱ्याकडे थोडीच शिल्लक आहे, पण तो पै-पैचा हिशेब ठेवतो. रोजच्या खर्चात काटकसरी माणूस जिंकतो. एकदम मोठा खर्च अंगावर आला की मात्र त्याची पंचाईत होते. पिकअपच्या बाबतीत तो मोठा खर्च म्हणजे ट्रेलर.

ट्रेलर जोडल्यावर काय होतं?

'कार अँड ड्रायव्हर' या मासिकानं तीन इलेक्ट्रिक ट्रकना पावणेतीन टनांच्या आसपास वजनाचा एकच कॅम्पर जोडून महामार्गावर पळवलं. वेग ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर. लाइटनिंग १६० किलोमीटरवर संपली. रिव्हियन १७७ किलोमीटर गेली. जीएमसीची 'हमर ईव्ही' २२५ किलोमीटर, तेही तिची बॅटरी २०० युनिटहून मोठी असल्यामुळे.

ज्या गाड्यांच्या जाहिरातीत पाचशे किलोमीटरच्या आसपासचे आकडे असतात, त्यांची ही अवस्था.

हे सगळं वजनामुळे होतं असं वाटू शकतं. पण 'मोटरट्रेंड'नं लाइटनिंगला वेगवेगळ्या आकाराचे ट्रेलर लावून बघितलं, तेव्हा चित्र जरा वेगळं दिसलं. सुमारे १,४०० किलोच्या कॅम्परसह ती १८५ किलोमीटर गेली आणि सुमारे ३,३०० किलोच्या कॅम्परसह १४५ किलोमीटर. म्हणजे वजन दुपटीहून जास्त वाढलं, पण रेंज फक्त ४० किलोमीटरनं घटली. खरा फटका पहिला ट्रेलर जोडतानाच बसला होता.

याचं कारण हवा. महामार्गावरच्या वेगात गाडीची बहुतेक ताकद समोरची हवा बाजूला सारण्यात जाते आणि वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. कॅम्पर म्हणजे सपाट तोंडाचं, ट्रकच्याही वर डोकं काढणारं खोकं. ते वाऱ्यासमोर भिंतीसारखं उभं राहतं. तेवढ्याच वजनाच्या विटा बुटक्या, उघड्या ट्रेलरवर रचून नेल्या तर बॅटरी बरीच जास्त टिकेल.

माल ट्रेलरऐवजी हौद्यातच असेल तर? 'ट्रिपल ए' ही अमेरिकेतली वाहनचालकांची मोठी संघटना. तिनं २०२३ मध्ये लाइटनिंगच्या हौद्यात १,४०० पौंड, म्हणजे सुमारे ६३५ किलो वाळूची पोती टाकून चाचणी घेतली. रिकामी गाडी ४४७ किलोमीटर गेली होती, भरलेली ३३८ किलोमीटर गेली. साधारण पाव रेंज कमी झाली. एवढा माल तर बहुतेक लोक क्वचितच लादतात. तेव्हा हौद्यातून माल वाहण्यात इलेक्ट्रिक ट्रकची फारशी अडचण नाही.

वेगाचा परिणाम किती टोकाचा असतो याचा एक गमतीशीर दाखला जनरल मोटर्सनं २०२५ मध्ये दिला. कंपनीच्या अभियंत्यांनी 'शेवरोले सिल्व्हराडो ईव्ही' एकदाच चार्ज करून १,७०५ किलोमीटर चालवली. अधिकृत रेंजच्या दुपटीहून जास्त. त्यासाठी त्यांनी गाडी ताशी ३० ते ४० किलोमीटरनं चालवली आणि एसी बंद ठेवला. विक्रम झाला खरा, पण अशी गाडी कोण चालवणार?

मग पेट्रोलच्या ट्रकला ट्रेलर जड जात नाही का?

जातो की. हवेचे नियम त्यालाही लागू आहेतच. मोठा कॅम्पर जोडला की त्याचंही मायलेज निम्म्यावर येऊ शकतं. ही गोष्ट अशा चर्चांमध्ये बऱ्याचदा निसटते. ट्रेलर लावल्यावर 'रेंज निम्मी होते' हे दोघांच्याही बाबतीत कमी-अधिक खरं आहे. फरक पडतो तो निम्मं झाल्यावर हातात काय उरतं यात.

१३६ लिटरची टाकी असलेला एफ-१५० रिकामा असताना हजार-अकराशे किलोमीटर जाऊ शकतो. ट्रेलरसह त्याचे साडेपाचशे झाले तरी चालकाला जेवायला थांबावंसं वाटेपर्यंत टाकी पुरते. आणि पंपावर पाच-सात मिनिटांत ती पुन्हा भरते.

लाइटनिंगचा हिशेब करून बघा. ट्रेलरसह पूर्ण बॅटरीवर १६० किलोमीटर. पण प्रवासात कुणी बॅटरी शून्यावर आणत नाही आणि ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, म्हणून प्रत्येक थांब्यावर साधारण १५ ते ८० टक्के एवढंच भरलं जातं. त्याला फास्ट चार्जरवर ४०-४५ मिनिटं लागतात. त्या ६५ टक्क्यांत गाडी जाणार १०५ किलोमीटर. म्हणजे तासभर गाडी चालवायची आणि पाऊण तास थांबायचं. ८०० किलोमीटरच्या प्रवासात असे सहा-सात थांबे पडतील आणि नुसत्या चार्जिंगमध्ये पाच तास जातील. पेट्रोलच्या ट्रकला एक थांबा पुरतो.

यात आणखी एक कटकट आहे, जी कागदावर दिसत नाही. बहुतेक चार्जिंगच्या जागा पार्किंगसारख्या आखलेल्या असतात. गाडी पुढून किंवा मागून आत घालायची आणि वायर जोडायची. मागे सात-आठ मीटरचा ट्रेलर असेल तर गाडी त्या खाचेत बसतच नाही. मग ट्रेलर कुठेतरी बाजूला सोडायचा, ट्रक चार्ज करायचा, पुन्हा मागे घेऊन हूक जुळवायचा, साखळ्या आणि दिव्यांच्या वायरी जोडायच्या. हे दर तासाभरानं, पावसात, मुलं मागे बसलेली असताना! पेट्रोल पंपाप्रमाणे एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघता येईल अशी चार्जिंग केंद्रं वाढत आहेत. जनरल मोटर्स, पायलट आणि ईव्हीगो या कंपन्यांनी महामार्गांवर अशी केंद्रं उभारायला घेतली आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून फोर्डच्या ग्राहकांना टेस्लाचे चार्जरही वापरता येऊ लागले. त्यामुळे चार्जर सापडणं पूर्वीपेक्षा सोपं झालं, पण टेस्लाच्या चार्जरची वायर आखूड असल्यानं ट्रेलरसकट उभं राहायची अडचण तिथेही आहेच.

बॅटरी मोठी केली तर?

हा उपाय कंपन्यांनी करून बघितला. सिल्व्हराडो ईव्हीच्या मोठ्या मॉडेलमध्ये २०० युनिटच्या वर बॅटरी आहे आणि तिची अधिकृत रेंज जवळपास ७९० किलोमीटरपर्यंत जाते. पण बॅटरी वाढली की वजन वाढतं आणि किंमतही. हमर ईव्हीचं वजन ९ हजार पौंडांच्या, म्हणजे चार टनांच्या वर आहे. त्यातली एकटी बॅटरी २,९०० पौंडांची, म्हणजे सुमारे १,३०० किलोची. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी एका भाषणात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. नुसती बॅटरी एका होंडा सिव्हिक कारएवढी जड आहे, अशा गाडीशी लहान गाडीची टक्कर झाली तर काय होईल, ही त्यांची काळजी होती.

लाइटनिंग त्या मानानं हलकी, तरी ती तशाच पेट्रोल ट्रकपेक्षा अर्ध्या टनाहून जास्त जड आहे. त्याचा परिणाम टायरवर होतो.

थंडीचाही प्रश्न आहे. मिशिगन, मिनेसोटा, डकोटा ही पिकअपची राज्यं आणि तिथे हिवाळा कडाक्याचा. 'ट्रिपल ए'नं २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक कारची चाचणी घेतली होती. उणे ७ अंशांच्या आसपास हीटर सुरू ठेवल्यावर त्यांची रेंज सरासरी ४१ टक्क्यांनी घटली. पेट्रोल इंजिनाची वाया जाणारी उष्णता केबिन फुकटात गरम ठेवते, इलेक्ट्रिक गाडीला त्यासाठी बॅटरीतूनच वीज काढावी लागते. नव्या गाड्यांतले हीट पंप आणि निघण्याआधी प्लगला लावूनच गाडी गरम करण्याची सोय यामुळे हा तोटा कमी झाला आहे, संपलेला नाही.

मग इलेक्ट्रिक ट्रक घ्यायचाच कशाला?

कारण वर्षातले बहुतेक दिवस मागे ट्रेलर नसतो.

'स्ट्रॅटेजिक व्हिजन' या संशोधन संस्थेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांच्या सर्वेक्षणाचा एक निष्कर्ष तिथे वारंवार सांगितला जातो. पिकअप असलेल्यांपैकी तब्बल ७५ टक्के लोक वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा काही ओढतात. म्हणजे बहुतेक जण कधीच नाही. ३५ टक्के लोक तर हौद्यातून माल नेण्याचं कामही वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी वेळा करतात.

अशा माणसासाठी इलेक्ट्रिक ट्रक रोजच्या वापरात जास्त सोयीचा आहे, हे मान्य करावं लागतं. रात्री घरी प्लगला लावायचा, सकाळी 'टाकी' भरलेली. पंपावर जायचं कामच नाही. मोठ्या बॅटरीची लाइटनिंग ५८० हॉर्सपॉवरची आहे आणि अडीच-तीन टनांचं धूड असूनही सुमारे चार सेकंदांत ताशी ९६ किलोमीटरचा वेग गाठते. चढावर ट्रेलर ओढताना ती पेट्रोलच्या ट्रकपेक्षा सहज आणि शांतपणे ओढते. ताकद कमी पडत नाही, कमी पडतं ते अंतर. इंजिन नसल्यानं पुढच्या बॉनेटखाली ४०० लिटरची कुलूपबंद डिकी मिळते. कारागिरांना हत्यारं ठेवायला ही जागा फार कामाची. पावसात भिजत नाही आणि चोरीची भीतीही कमी. ऑइल बदलणं, स्पार्क प्लग, गिअरबॉक्सची देखभाल, यातलं काही उरत नाही.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र वेगळीच निघाली. ती म्हणजे ट्रकमधून वीज बाहेर काढता येणं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं आणि लाखो घरांची वीज गेली. तेव्हा लाइटनिंग आलेली नव्हती, पण एफ-१५० च्या हायब्रिड ट्रकमध्ये जनरेटरसारखी वीज देण्याची सोय होती. फोर्डनं टेक्सासमधल्या डीलरना सांगितलं की हे ट्रक लोकांना मदतीसाठी द्या. तीन महिन्यांनी लाइटनिंग सादर झाली, तेव्हा घराला वीज पुरवण्याची क्षमता हे तिचं मोठं वैशिष्ट्य म्हणून मांडलं गेलं. ती ९.६ किलोवॅटपर्यंत वीज देऊ शकते. घरात दिवसाला ३० युनिट लागत असतील तर तीन दिवस पुरवठा होतो असा कंपनीचा दावा होता. बांधकामाच्या जागी करवत, वेल्डिंग मशिन, काँक्रीट मिक्सर थेट ट्रकला जोडता येतात. डिझेल जनरेटरचा धूर नाही, आवाज नाही. ज्यांच्या हद्दीत वीज वारंवार जाते त्यांना याचं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

पैशांचं गणित कुठे बसतं, कुठे फसतं?

चालवण्याचा खर्च चार्जिंग कुठे करता यावर ठरतो. लाइटनिंगला १०० किलोमीटरला साधारण ३० युनिट लागतात. घरगुती विजेचा दर युनिटला १७ सेंट धरला तर खर्च पाच डॉलर. पेट्रोलचा एफ-१५० तेवढ्याच अंतराला बारा लिटरच्या आसपास पितो. गॅलनला सव्वातीन डॉलर दरानं ते झाले दहा डॉलर. म्हणजे घरी चार्ज करणाऱ्याचा खर्च निम्मा, वर्षाला २० हजार किलोमीटर धावणाऱ्याची हजार डॉलर बचत.

पण महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर युनिटला ५० सेंट मोजावे लागले तर तोच प्रवास पंधरा डॉलरला पडतो. पेट्रोलपेक्षा महाग! ज्याच्याकडे स्वतःचं गॅरेज किंवा अंगण नाही, जो भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याच्यासाठी इलेक्ट्रिक ट्रकचा सगळ्यात मोठा फायदा इथेच गळून पडतो.

आणि खरेदीची किंमत? ४० हजार डॉलरचं आश्वासन फार काळ टिकलं नाही. कच्च्या मालाच्या किमती वाढल्या आणि मार्च २०२३ पर्यंत सर्वांत स्वस्त लाइटनिंग जवळपास ६० हजारांवर गेली. जुलैमध्ये ती ५० हजारांच्या किंचित खाली आणावी लागली. टेस्लानंही २०१९ मध्ये सायबरट्रक ३९,९०० डॉलरपासून मिळेल असं सांगितलं होतं. २०२३ च्या अखेरीस तो आला तेव्हा सुरुवातीची किंमत होती ६०,९९०. सरकारची साडेसात हजार डॉलरची करसवलत हा एक आधार होता, तोही ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपला. दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यालाही परवडत नव्हतं. फोर्डच्या इलेक्ट्रिक विभागाला एकट्या २०२४ मध्ये पाच अब्ज डॉलरचा तोटा झाला.

पर्यावरणाच्या बाजूनं बघितलं तर पिकअप इलेक्ट्रिक होण्यात फायदा सर्वांत जास्त आहे, कारण मुळात तो सर्वांत जास्त पेट्रोल पितो. मिशिगन विद्यापीठ आणि फोर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एक पेट्रोल पिकअप बदलून इलेक्ट्रिक घेतला तर गाडीच्या आयुष्यभरात सुमारे ७४ टन उत्सर्जन वाचतं. सेडान कारच्या बाबतीत हा आकडा ४५ टन आहे. बॅटरी बनवताना होणारं प्रदूषण यात धरलेलं आहे.

ज्यांना तो खरंच परवडतो

ठरलेला मार्ग, मर्यादित अंतर आणि रात्री एकाच ठिकाणी परत, असं ज्यांचं काम आहे त्यांना इलेक्ट्रिक ट्रकमध्ये फारशी तडजोड करावी लागत नाही. कॅलिफोर्नियात सोनोमा परगण्यातल्या द्राक्षबागायतदारांच्या संघटनेनं फोर्डबरोबर २०२२ मध्ये असा प्रयोग सुरू केला. मळ्यातून मळ्यात फिरायचं, अवजारं न्यायची, संध्याकाळी शेडमध्ये चार्जिंगला लावायचं. या कामात दिवसाला पाचशे किलोमीटरची रेंज कुणाला हवी आहे?

भारतातले इलेक्ट्रिक मालवाहू ट्रकही नेमके याच कामासाठी बनवले जातात. टाटानं मे २०२२ मध्ये आणलेली 'एस ईव्ही', म्हणजे विजेवरचा छोटा हत्ती, ६०० किलो माल नेते आणि तिची प्रमाणित रेंज १५४ किलोमीटर आहे. ई-कॉमर्सची पार्सलं गोदामातून घरोघरी पोहोचवायची आणि रात्री डेपोत परत यायचं, एवढ्याला ती पुरते. तिच्याकडून कुणी घाटातून बोट ओढायची अपेक्षा करत नाही. अडचण आहे ती किमतीची. जून २०२५ मध्ये 'एस प्रो' आली तेव्हा तिचं पेट्रोल मॉडेल ३ लाख ९९ हजारांपासून मिळत होतं, तर इलेक्ट्रिक साडेसहा लाखांपासून. दिवसाला शंभर किलोमीटर नियमित पळणाऱ्याचा फरक भरून निघू शकतो. आठवड्यातून दोन दिवस भाडं मिळणाऱ्याचा निघणं कठीण.

अमेरिकेतल्या घरगुती ग्राहकाची अडचण मात्र वेगळी आहे. तो वर्षातले ३६० दिवस लाइटनिंगवर खूश राहील, पण गाडी निवडताना उरलेल्या पाच दिवसांचा विचार करतो. हे हास्यास्पद वाटू शकतं. पण आपल्याकडेही वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी घरात जास्तीची खोली काढली जातेच. शिवाय ६० हजार डॉलर मोजून घेतलेल्या ट्रकनं बोट ओढायला नकार दिला, तर त्या पाच दिवसांसाठी दुसरा ट्रक भाड्यानं आणायचा का, हा त्याचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही.

आता कंपन्या काय करत आहेत?

दोन वेगळ्या वाटा दिसतात. पहिली वाट इंजिन परत आणण्याची, पण जनरेटर म्हणून. याला 'एक्स्टेंडेड रेंज' गाडी म्हणतात. चाकं फक्त इलेक्ट्रिक मोटरच फिरवते. बॅटरी उतरली की पेट्रोल इंजिन सुरू होतं आणि वीज तयार करतं, चाकांशी त्याचा थेट संबंध नसतो. रोजचा प्रवास विजेवर, ट्रेलरचा प्रवास पेट्रोलवर. फोर्डनं पुढच्या लाइटनिंगसाठी हाच मार्ग निवडला असून एकूण रेंज ७०० मैलांहून जास्त, म्हणजे अकराशे किलोमीटरच्या वर असेल असा तिचा अंदाज आहे. रॅमच्या अशाच ट्रकमध्ये ९२ युनिटची बॅटरी आणि ३.६ लिटरचं व्ही-६ इंजिन असणार आहे. फोक्सवॅगन समूहाच्या 'स्काउट' या नव्या ब्रँडकडे नोंदणी करणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांनीही पूर्ण इलेक्ट्रिकऐवजी जनरेटरवालंच मॉडेल मागितलं आहे. यात एक गोम आहे. इंजिन आलं की ऑइल, फिल्टर, सायलेन्सर, सगळा पसारा परत येतो आणि बॅटरीचा खर्चही पूर्ण टळत नाही.

दुसरी वाट बरोबर उलटी आहे. ट्रेलरचा नादच सोडायचा आणि छोटा, स्वस्त ट्रक बनवायचा. फोर्डनं ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे ३० हजार डॉलरचा मध्यम आकाराचा इलेक्ट्रिक पिकअप २०२७ मध्ये आणण्याची घोषणा केली. लाइटनिंग बंद करतानाही ही योजना कायम ठेवली. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी पैसे गुंतवलेल्या 'स्लेट' कंपनीचा ट्रक तर याहून साधा आहे. दोन सीट, हातानं फिरवायच्या खिडक्या, आत टचस्क्रीन नाही, रंगही एकच. छोट्या बॅटरीवर रेंज २४० किलोमीटरच्या आसपास. तो किती वजनाचा ट्रेलर ओढू शकतो, याचा आकडा कंपनीनं सुरुवातीलाच देऊन टाकला आहे: एक हजार पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे किलो.